‘अर्ध्या तासात कळवतो’ म्हणजे नेमकं किती वाजता?

गेल्या अंकात ओघात लिहून गेले की मी सव्वीस वर्षं विमानतळावर नोकरी केली. झालं! संपादकांकडे पत्रांचा असा गठ्ठा जमला की ते म्हणाले, या महिन्याचं सदर याच पत्रांना द्या. आधीच सांगून टाकते, मी हवेतली नव्हे, जमिनीवरची. नऊ वर्षं चेक-इन काउंटर, सहा वर्षं गेट आणि शेवटची अकरा वर्षं हरवलेल्या सामानाच्या खिडकीमागे. त्यामुळे आकाशातल्या प्रश्नांना वैमानिक आणि इंजिनिअर मंडळींना पिडून मिळवलेली उत्तरं देणार. सामानाच्या प्रश्नांना मात्र माझी स्वतःची. कंपनीचं नाव विचारू नका. निम्म्या पत्रांत तेच विचारलंय.

प्रश्न : ताई, विमान काचेतून समोर उभं दिसत असतं आणि तुमचे लोक दर अर्ध्या तासाने माइकवर ‘अर्ध्या तासात कळवतो’ म्हणतात. हे ठरवून खोटं बोलतात का?

ठरवून नाही, सवयीने. मीही बोललेय. आमच्या भाषेत ‘अर्धा तास’ म्हणजे ‘मला माहीत नाही’, फक्त जरा इस्त्री केलेलं. पडद्यावर जी वेळ आलीय तेवढीच सांगायची, आपल्या मनाने पुढचं काही बोलायचं नाही, असा आम्हाला दंडक असायचा. त्याला कारणही होतं. एकदा ‘तीन तास’ म्हटलं की माणसं पांगतात, आणि बिघाड तासाभरात निघाला तर दीडशे माणसं गोळा कुठून करायची?

पण एक रात्र माझ्या डोक्यातून जात नाही. इंजिनिअरने मला कानात सांगितलं होतं की सुटा भाग दुसऱ्या विमानाने येतोय, तीन तासांच्या आत काही होत नाही. आणि मी माइकवर अर्धा तास, अर्धा तास करत राहिले. पुढच्याच खुर्चीवर काठी घेतलेले एक आजोबा होते. प्रत्येक घोषणेला ते उठायचे, बॅगेचा पट्टा खांद्यावर घ्यायचे, काठी टेकत गेटपाशी येऊन पहिले उभे राहायचे आणि थोड्या वेळाने परत जाऊन बसायचे. असं पाच वेळा झालं. सहाव्या घोषणेला ते उठले नाहीत. नुसतं माझ्याकडे पाहिलं. त्यापेक्षा ओरडले असते तर बरं झालं असतं.

आता समोर विमान उभं असूनही उशीर का होतो, ते सांगते. एक म्हणजे, जे उभं आहे ते तुमचंच असेल असं नाही. तुमचं अजून वाटेत असू शकतं. लहान पल्ल्याचं विमान दिवसात पाच-सहा फेऱ्या मारतं आणि दोन फेऱ्यांच्या मध्ये त्याला जमिनीवर जेमतेम अर्धा-पाऊण तास मिळतो. सकाळी कुठेतरी वीस मिनिटं घसरली की ती भरून निघत नाहीत, साठत जातात. म्हणून महत्त्वाचं काम असेल तर पहिलं विमान घ्या, संध्याकाळचं नको. पहिलं विमान बहुतेक वेळा रात्रीच येऊन झोपलेलं असतं.

दुसरं, क्रूचे तास. वैमानिक आणि केबिन क्रू यांनी सलग किती तास ड्युटी करायची हे कायद्याने ठरलेलं असतं. उशीर लांबत गेला आणि पुढचं उड्डाण त्या मर्यादेबाहेर जाणार असेल तर विमान ठणठणीत असूनही ते लोक ते नेऊ शकत नाहीत. मग दुसरा क्रू घरून उठवून आणायचा. ‘पायलट बॅग घेऊन परत चालला होता, आम्ही स्वतः पाहिलं!’ असं तावातावाने लिहिणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. तो पळून जात नव्हता.

तिसरं म्हणजे यादी. प्रत्येक विमानाची एक जाडजूड यादी असते, काय बंद असताना उडायला परवानगी आहे आणि काय बंद असताना नाही. डोक्यावरचा वाचनाचा दिवा बंद असेल तर चालतं. बाहेरचा एखादा चिमुकला दिवा गेला तर कदाचित नाही, किंवा फक्त दिवसाउजेडी चालतं. इंजिनिअरला ती यादी उघडून, नियम वाचून, नोंदवहीत सही करावी लागते. दुरुस्तीपेक्षा कागदाला जास्त वेळ लागलेला मी कैक वेळा पाहिलाय, आणि त्या कागदावर माझा पूर्ण विश्वास आहे.

चौथं कारण लोकांना सर्वांत जास्त चीड आणतं. सगळ्यांना बसवतात, दार लावतात आणि विमान जागचं हलत नाही. याचं कारण बहुधा ‘स्लॉट’. पुढच्या विमानतळावर किंवा वाटेतल्या आकाशात गर्दी असेल तर हवाई नियंत्रणवाले उड्डाणाची वेळ ठरवून देतात. ती पुढे गेली तरी कॅप्टनला ‘आम्ही तयार आहोत’ असं कळवायचं असतं, म्हणजे मध्येच कुणाची जागा सुटली तर आपला नंबर लागतो. तयार याचा अर्थ दार लावून. प्रवासी बाहेर कॉफी पीत असतील तर तो नंबर हातचा जातो.

तर गेटवर ‘किती वेळ लागेल?’ असं विचारू नका. त्याचं उत्तर तुम्हाला पाठ आहे. विचारा, ‘आमचं विमान कुठून येतंय, तिथून निघालं का?’ आणि ‘या क्रूचे तास किती वाजेपर्यंत आहेत?’ या दोन प्रश्नांनी समोरची मुलगी चमकते आणि बऱ्याचदा खरं बोलते. पहिल्याचं उत्तर तर फोनवर उड्डाणं दाखवणाऱ्या अ‍ॅपमध्येही मिळतं.

प्रश्न : आम्ही गेटवर पोहोचलो तेव्हा विमान तिथेच होतं, पुढे वीस मिनिटं तिथेच उभं होतं. पाया पडायचं बाकी ठेवलं, तरी दार उघडलं नाही. एवढा कसला माज?

माज करणारेही असतात, नाही म्हणत नाही. पण त्या वीस मिनिटांत काय चाललेलं असतं ते पाहा. गेट बंद झालं की आकडे गोठवतात : किती माणसं, किती सामान, कुठल्या कप्प्यात किती वजन, इंधन किती. त्यावरून विमानाचा तोल निघतो आणि तो कागद कॅप्टनच्या हातात जातो. कॅप्टन त्यावरून उड्डाणाचा वेग आणि शेपटीवरची आडवी पट्टी किती तिरकी ठेवायची ते ठरवतो. तुम्ही आत गेलात की तो कागद बदलला.

शिवाय तुम्ही वेळेत आला नाहीत म्हटल्यावर खाली तुमची बॅग शोधायला सुरुवात झालेली असते. प्रवासी नाही तर त्याची बॅगही नाही, हा नियम रक्ताने लिहिलेला आहे. १९८५ च्या जूनमध्ये एअर इंडियाचं ‘कनिष्क’ विमान अटलांटिकवर फुटलं, ३२९ माणसं गेली. स्फोटकं ज्या बॅगेत होती तिचा मालक विमानात बसलाच नव्हता. १९८८ च्या डिसेंबरमध्ये स्कॉटलंडमधल्या लॉकरबी गावावर जे विमान कोसळलं, त्यातही बॉम्ब बेवारस बॅगेतूनच चढला होता. तेव्हापासून हा नियम जगभर कडक झाला.

लहान विमानांत सामान बऱ्याचदा पेट्यांमध्ये नसतं, एकावर एक रचलेलं असतं. दोन लोडर विमानाच्या पोटातल्या कप्प्यात गुडघ्यांवर रांगत, कपाळावरच्या दिव्याच्या उजेडात एकेक टॅग उलटून पाहतायत, नेमकी ती बॅग सगळ्यांत आत, आणि ती बाहेर काढल्यावर मागची सगळी पुन्हा रचायची. हे पाहिलेल्या माणसाला वीस मिनिटं फार वाटत नाहीत. त्यात तुम्ही वर काचेवर हात आपटताय. मी काचेच्या दोन्ही बाजूंना उभी राहिलेय हो, दोन्हीकडचं समजतं. पण दार उघडायची मुभा माझ्याकडे नव्हती, हे खरं.

प्रश्न : फोन फ्लाइट मोडवर टाकला नाही तर विमान पडतं का?

नाही. पण जमीन जवळ असताना टॉवर शोधत फिरणारे दोनशे फोन वैमानिकाच्या हेडफोनमध्ये कधीकधी खरखर करू शकतात. नेमक्या त्याच वेळी त्याला नियंत्रण कक्षाचं बोलणं स्वच्छ ऐकू यायला हवं असतं. टाका ना मोडवर, काय जातं?

प्रश्न : पैसे भरले, तिकीट पक्कं, तरी काउंटरवर सांगितलं की जागा नाही. ही सरळसरळ फसवणूक नाही का?

माझ्या नऊ वर्षांच्या काउंटरवर हाच प्रश्न मला सर्वांत जड गेला. कारण उत्तर कायदेशीर होतं, पण तोंडातून निघायचं नाही. काही प्रवासी येतच नाहीत : कुणाची बैठक लांबते, कुणाचं आधीचं विमान चुकतं, कुणी दोन दोन तिकिटं काढून ठेवतं. मागचा अनुभव पाहून कंपनी तेवढी तिकिटं जास्त विकते. अंदाज बरोबर आला तर कुणाला पत्ता लागत नाही. चुकला की काउंटरवरच्या पोरीचं मरण.

अशा वेळी आधी स्वखुशीने थांबणारे शोधतात. ते पुरले नाहीत की ज्यांनी सर्वांत शेवटी चेक-इन केलं त्यांच्यावर बहुधा संक्रांत येते. त्यामुळे घरबसल्या चेक-इन सुरू होताच करून टाका. जागेचा नंबर हातात असलेल्या माणसाला उतरवणं कंपनीलाही नको असतं.

स्वखुशीने थांबायचं असेल तर खुशाल थांबा. पण कूपन हातात घेण्याआधी विचारून घ्या : पुढच्या विमानात जागा पक्की की प्रतीक्षा यादीत? राहायची सोय कोण करणार? कूपन किती दिवस चालेल? रोख मिळेल का? सगळं कागदावर घ्या. तोंडी वचन देणाऱ्याची पाळी रात्री संपते आणि सकाळी तिथे दुसराच कुणी बसलेला असतो. जबरदस्तीने मागे ठेवलं तर हक्क देशागणिक वेगळे. युरोपीय संघाचा २००४ चा २६१ क्रमांकाचा नियम सर्वांत ठाम मानला जातो. त्यात अंतर पाहून २५० ते ६०० युरोपर्यंत भरपाई आहे, वर दुसरं विमान किंवा परतावा यातलं काय ते तुम्ही निवडायचं. ज्या देशातून निघताय तिथला नियम निघण्यापूर्वी वाचून फोनमध्ये ठेवलात तर काउंटरवरचं संभाषण फार लवकर संपतं. अनुभवाने सांगते, ‘मी कोण आहे माहीत आहे का?’ म्हणणाऱ्यापेक्षा नियमाचा क्रमांक सांगणाऱ्याला आम्ही जास्त घाबरायचो.

प्रश्न : पट्टा फिरून फिरून थांबला, सगळे गेले आणि आमची बॅग आलीच नाही. अशा वेळी नेमकं काय करायचं? घरी जाऊन फोन केला तर म्हणाले, तिथेच तक्रार द्यायला हवी होती.

आता माझ्या खिडकीवर आलात. बसा.

पहिली गोष्ट, विमानतळ सोडायचा नाही. पट्ट्याजवळच सामानाची खिडकी असते, तिथे लेखी नोंद करायची. नोंदीचा एक क्रमांक मिळतो : पाच अक्षरं, पाच आकडे. पहिली तीन अक्षरं विमानतळाची, पुढची दोन कंपनीची. तो जपा, पुढे तुमची बॅग त्याच नावाने ओळखली जाणार आहे. आणि चेक-इनच्या वेळी बोर्डिंग पासच्या मागे जो चिमुकला स्टिकर चिकटवतात, ज्याला लोक कचरा समजून खुर्चीच्या खिशात टाकून येतात, तीच तुमच्या बॅगेची पावती. त्यावर दहा आकडे असतात. ते नसतील तर शोधायचं तरी काय? अकरा वर्षांत मी बॅगेचं एकच वर्णन ऐकलंय : ‘काळी, चाकांची, मध्यम.’ आमच्याकडे चित्रांचा तक्ता असायचा, त्यावर प्रवाशाने बोट ठेवायचं, मग रंगाची दोन अक्षरं आणि आकाराचे दोन आकडे यंत्रात जायचे. नवरा एका चित्रावर बोट ठेवायचा, बायको दुसऱ्या. ती भांडणं मिटवायचा पगार मला कधी मिळाला नाही.

बॅग जाते कुठे? बहुतेक वेळा कुठेच नाही. विमान बदलायच्या ठिकाणी तुम्ही पळत पोहोचता, बॅगेला पळता येत नाही, एवढंच. ती पुढच्या विमानाने येते. दुसरं कारण टॅग. हँडलभोवतीची ती लांब पट्टी पट्ट्याच्या फटीत अडकून फाटते. तिसरं, जुना टॅग. मागच्या प्रवासाचे बारकोडचे स्टिकर लोक अभिमानाने तसेच ठेवतात. यंत्राला त्यातलं कुठलं खरं हे कळत नाही. जुनं सगळं खरवडून काढा. आणि चौथं म्हणजे माणसं. दुसऱ्याने तुमची काळी, चाकांची, मध्यम उचलून नेलेली असते. हँडलला लाल रिबीन बांधा म्हणतात, पण सगळेच लाल रिबीन बांधतात. मग तिचा उपयोग काय?

खरा उपाय आत आहे. बॅग उघडल्यावर सर्वांत वर एक कागद, त्यावर नाव, फोन आणि जाणार तिथला पत्ता. बाहेरचा टॅग गेल्यावर आम्हाला शेवटी बॅग उघडावीच लागते. एकदा अशीच एक निनावी तपकिरी बॅग उघडली. कपडे, चपला, कुठे नाव नाही. तळाशी अर्धवट विणलेला निळा स्वेटर, सुयांसकट. सुयांना गुंडाळलेला कागद सोडवला तर त्यावर पेन्सिलीने टाके लिहिलेले, दोन सुलट, दोन उलट. मागच्या बाजूला दातांच्या दवाखान्याची वेळ दिलेली चिठ्ठी. तिच्यावर नाव होतं. दवाखान्याला फोन, दवाखान्याचा त्यांना फोन, त्यांचा मला फोन. नऊ दिवसांनी बॅग सापडली हे ऐकून बाईंनी काय विचारावं? ‘टाके सुईवरून निसटले नाहीत ना?’ मी मोजले. एकही निसटला नव्हता.

आता मुदती. हा मजकूर कापून ठेवा. आंतरराष्ट्रीय प्रवासाला १९९९ चा माँट्रियल करार लागू होतो, जगातल्या बहुतेक देशांनी तो स्वीकारलाय. बॅग फुटली-तुटली असेल तर हातात आल्यापासून ७ दिवसांच्या आत लेखी तक्रार. उशिरा मिळाली तर मिळाल्यापासून २१ दिवसांच्या आत. आणि ज्या दिवशी यायला हवी होती त्या दिवसापासून २१ दिवसांत आलीच नाही तर ती हरवली असं धरून तुम्ही भरपाई मागू शकता. दावा लावायला दोन वर्षं. भरपाईची कमाल मर्यादा माणशी १,५१९ एसडीआर. एसडीआर म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबाचं एकक, रोजच्या दराने आपल्या चलनात बदलायचं. २८ डिसेंबर २०२४ पर्यंत हा आकडा १,२८८ होता, त्यामुळे जुना तक्ता पाहून कुणी कमी सांगितलं तर मान डोलवू नका. मात्र ही मर्यादा आहे, बक्षीस नव्हे. नुकसान दाखवावं लागतं. बॅग येईपर्यंत दात घासायचा ब्रश, कपड्यांचा एक जोड असं जे घ्याल त्याची पावती ठेवा. बॅगेत याहून मौल्यवान काही असेल तर चेक-इनच्या वेळीच जादा किमतीची नोंद करता येते, त्याचं वेगळं शुल्क पडतं. पण माझं ऐकाल तर औषधं, दागिने, कागदपत्रं आणि किल्ल्या पोटातल्या सामानात देऊच नका. किल्ल्या सर्वांत जास्त लोक विसरतात. मध्यरात्री घरी पोहोचतात आणि कुलपासमोर उभं राहून मला फोन करतात.

प्रश्न : विमान हलायला लागलं की मी खुर्चीचे हात घट्ट धरून बसते. घरचे हसतात. पंख खरंच तुटत नाही?

हसू देत. मीसुद्धा धरते. एका वैमानिकाने मला सांगितलं होतं की त्याच्या लेखी खडबडीत हवा म्हणजे खड्ड्यांचा रस्ता, गैरसोय आहे, धोका नाही. मला त्याने बरं वाटलं नाही. बरं वाटलं ते एका इंजिनिअरच्या आकड्याने. बोइंग ७७७ तयार होत असताना १९९५ च्या जानेवारीत त्याचे पंख मुद्दाम तुटेपर्यंत वर ओढले होते. टोकं सुमारे २४ फूट वर वाकली, तेव्हा कुठे पंख मोडले. उड्डाणात जास्तीत जास्त जेवढा भार येईल असं धरलं होतं, त्याच्या दीडपटीहूनही अधिक भार तेव्हा त्यांच्यावर होता. तुम्ही खिडकीतून पंखाचं टोक वरखाली होताना पाहता ना, ते हलायलाच हवं.

खडबडीत हवेत इजा होते ती बहुतेक पट्टा न बांधलेल्यांना, कारण विमान खाली जातं आणि माणूस वरच राहतो. दिवा विझला तरी पट्टा सैलसर का होईना, बांधलेला ठेवा. तिकीट घेताना पंखांजवळची जागा मागा. तिथे हेलकावे कमी, शेपटीला सर्वांत जास्त.

प्रश्न : उतरताना आमचं बाळ टाहो फोडतं आणि सगळं विमान आमच्याकडे बघतं.

बघू दे. तुम्ही कुणाच्या वाटेचं काही खाल्लेलं नाही. उंचावर केबिनमधला हवेचा दाब सहा ते आठ हजार फुटांच्या डोंगरावर असावा तेवढा ठेवतात. उतरताना तो वाढतो. कान आणि घसा यांना जोडणारी बारीक नळी चढताना सहज उघडते, उतरताना तिला उघडावं लागतं, म्हणून दुखतं. मोठी माणसं जांभई देतात, गिळतात, नाक दाबून हलकेच हवा कोंडतात. बाळाला यातलं येत नाही. त्याला फक्त चोखता आणि रडता येतं, आणि रडण्यानेही ती नळी उघडते. विमान खाली यायला लागतं ते जमिनीला टेकण्याच्या सुमारे अर्धा तास आधी. दूध तेव्हासाठी राखून ठेवा, चढताना सगळं पाजून मोकळं होऊ नका. झोपलं असेल तर उतरणं सुरू होताच उठवा. झोपेत गिळणं कमी होतं. सर्दीने नाक गच्च असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना दाखवा.

काही प्रश्न छोटे, उत्तरंही छोटी.

खिडकीची झापडं उघडायला का लावतात? काही झालंच तर कुठल्या बाजूला आग आहे आणि कुठल्या बाजूने उतरायचं हे बाहेर पाहून ठरतं. रात्री दिवे मंद करतात तेही डोळ्यांना अंधाराची सवय असावी म्हणून.

पॉवर बँक बॅगेतून बाहेर काढायला लावली? बरोबर केलं. लिथियमची बॅटरी पोटातल्या सामानात पेटली तर तिथे हात पोहोचत नाही, केबिनमध्ये पोहोचतो. १०० वॉट-तासांपर्यंतची जवळ ठेवून नेता येते, म्हणजे २०,००० एमएएचची साधारण ७४ वॉट-तास भरते, ती चालेल. १०० ते १६० पर्यंत कंपनीची परवानगी लागते. त्यावर नाहीच. अलीकडे बऱ्याच कंपन्यांनी विमानात ती वापरायलाही मनाई केलीय, तेव्हा आधी विचारा.

शेजारचा माणूस उडताना दार उघडेल या भीतीने झोप लागत नाही? झोपा. उंचीवर आतल्या दाबामुळे त्या दारावर दहा टनांच्या आसपास जोर असतो. शेजारी कितीही व्यायाम करत असला तरी.

धूम्रपानाला बंदी, मग शौचालयात रक्षापात्र कशाला? कारण नियम मोडणारा माणूस असतोच, आणि त्याने थोटूक कागदांच्या डब्यात टाकण्यापेक्षा तिथे विझवलेलं परवडलं. १९७३ मध्ये पॅरिसजवळ एका विमानाच्या शौचालयातल्या कचऱ्याच्या डब्यात आग लागून १२३ माणसं गेली होती.

मधल्या खुर्चीचे दोन्ही हात कुणाचे? मधल्याचे. खिडकीवाल्याला भिंत आहे, कडेच्याला मोकळी वाट. यावर मला पत्र पाठवू नका.

आणि आणीबाणीत उतरताना हातातली बॅग घ्यायची का, असं एका आजींनी विचारलंय, ‘त्यात माझी सगळी औषधं असतात हो.’ आजी, नाही घ्यायची. अर्धी दारं बंद धरूनही सगळं विमान ९० सेकंदांत रिकामं होतं, हे दाखवल्याशिवाय विमानाला परवानगी मिळत नाही. एअरबस ए३८० या विमानाच्या २००६ च्या चाचणीत ८७३ माणसं ७८ सेकंदांत बाहेर पडली. त्यातल्या एकाच्याही हातात बॅग नव्हती. २ जानेवारी २०२४ ला टोकियोच्या हानेदा विमानतळावर उतरताना एक विमान तटरक्षक दलाच्या विमानावर आदळून पेटलं. त्या लहान विमानातले पाच जण गेले, पण मोठ्यातले ३७९ च्या ३७९ बाहेर पडले, सामान आतच टाकून. औषधं खिशात ठेवा.

प्रश्न : तुम्ही स्वतः आता प्रवासी म्हणून जाता तेव्हा काय करता? आम्हाला गुपित सांगा.

गुपित कसलं! पहिलं विमान घेते. बॅगेचा उघडून एक आणि मिटून एक असे दोन फोटो काढते. आत कागद ठेवते. स्टिकर पाकिटात. सगळं अगदी शास्त्रशुद्ध.

आणि गेल्या वर्षी माझीच बॅग आली नाही. पट्टा रिकामा फिरून थांबला आणि मी रांगेत जाऊन उभी राहिले, खिडकीच्या या बाजूला. माझ्यापुढे सात जण. आत एक मुलगी, चोवीस-पंचवीसची. प्रत्येकाला एकच उत्तर देत होती, ‘अर्ध्या तासात कळवतो.’ माझा नंबर आला. मी स्टिकर पुढे केला, तक्त्यावर न विचारता बोट ठेवलं. तिने मान वर करून पाहिलं. मी विचारलं, ‘मागच्या विमानतळावर ती विमानात चढल्याची नोंद दिसते का?’ तिने पडद्यावर पाहिलं, मग मागे, तिची वरिष्ठ कुठे आहे ते. आणि आवाज खाली आणून म्हणाली, ‘नाही चढली, काकू. उद्या दुपारच्या आधी येत नाही. तुम्ही घरी जा.’

मी निघाले. मागच्या गृहस्थाला ती म्हणत होती, ‘अर्ध्या तासात...’ मी वळून त्यांना सांगितलं, काय विचारायचं ते.